पाव फेरा

इंजिनाची चाकं अर्धा फेरा फिरली आणि अडकली. मी बटण बंद केलं, दहा मोजले, पुन्हा चालू केलं. पुन्हा अर्धा फेरा, आणि मग आतल्या मोटरची चिडकी गुणगुण. रविवारची सकाळ होती, नऊ-साडेनऊ. जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरून मी हातभर रूळ मांडला होता. पलीकडे खिडकीशी बायको कुणाच्यातरी कोटाच्या कोपराला रफू करत बसली होती. "काय झालं?" तिनं मान वर न करता विचारलं. "अडतंय कुठंतरी." "तेल टाका." म्हणे तेल टाका! एकतीस वर्षं झाली लग्नाला. या बाईकडे जगातल्या यच्चयावत दुखण्यांवर दोनच औषधं, तेल टाका नाहीतर ऊन दाखवा. मी हसलो. तोपर्यंत हसण्याइतका खूश होतो मी. चार महिने खपून चारशे बारा तुकड्यांचं हे वाफेचं इंजिन उभं केलं होतं, मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत भरेल एवढं, काळं कुळकुळीत. बॉयलरवरचे रिव्हेट मोजून घ्यावेत, चिमणीची कड, ड्रायव्हरच्या खोलीतले नळ, सगळं जिथल्या तिथे. आत वाफ नाही, लहानशी मोटर आहे, ते सोडा. राहिला होता फक्त हा हातभर प्रवास. तो झाला की मी जिंकलो, असं ठरलेलं होतं. पैज दुसऱ्या कुणाशी नव्हती, माझी माझ्याशीच. इंजिन पुरं झालं आणि चाललं, तर माझा उजवा हात शाबूत आहे. नाही चाललं, तर सोमवारी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना सांगायचं, मी काम थांबवतो, दुसरा माणूस बघा.

मी दात करतो. म्हणजे तोंडात डॉक्टर बघतात; माझ्याकडे येतो तो नुसता ठसा, आणि त्यावरून मी कॅप करतो, कवळ्या करतो. असं सांगितलं की लोक पहिल्यांदा माझ्याच दातांकडे बघतात. बघा, खुशाल बघा. दोन खोटे आहेत आणि कुठले ते कुणाच्या बापाला ओळखता यायचं नाही. दवाखान्याच्या मागच्या खोलीत, एकाच खिडकीपाशी, तीस वर्षं हे चाललंय. या धंद्यात डोकं लागतं ते पहिली पाच वर्षं. पुढं सगळं हातात असतं. प्लास्टर कोरताना सुरी कुठं थांबवायची हे मी ठरवत नाही, हात ठरवतो. आणि गेल्या वर्षाच्या शेवटी एका दुपारी मेणाची सुरी दिव्यावर धरली होती, तर तिचं टोक हलताना दिसलं. आधी वाटलं, ज्योत हलतेय. पंखा बंद केला. ज्योत थांबली, टोक थांबलं नाही. मग मी मूठ मिटली. मूठ मिटली की थांबायचं ते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती अशी कामाला येईल हे माहीत नव्हतं. चहा जास्त होतोय, झोप कमी होतेय, वय झालं, वय कुठं झालं, अठ्ठावन्न म्हणजे काय वय आहे का? सात-आठ महिने मी असलं काहीबाही स्वतःला समजावत होतो. मग बाजारातून येताना खेळण्यांच्या दुकानात वरच्या फळीवर ते खोकं दिसलं. झाकणावर इंजिनाचं चित्र आणि खाली लिहिलेलं: अनुभवी, स्थिर हातांसाठी. मी ते दोनदा वाचलं आणि आत शिरलो. दुकानदार म्हणाला, "नातवासाठी का?" म्हटलं, "नाही, आजोबांसाठी."

भीती कसली होती ते सांगून टाकतो. वडील न्हावी होते. दोन खुर्च्यांचं दुकान, आरसे समोरासमोर, त्यामुळे गिऱ्हाईक एक असलं तरी गर्दी दिसायची. मी पंधरा-सोळा वर्षांचा असताना त्यांचा हात गेला. एकदम नाही, आधी साबणाचा फेस कानात जायला लागला, मग कल्ले वरखाली व्हायला लागले. कुणी त्यांना एका शब्दानं बोललं नाही. लोक चांगले होते ना! लोक यायचे, बाकावर बसायचे, पेपर वाचायचे, खुर्ची रिकामी असली तरी म्हणायचे, "आज नको, जरा घाईत आहे," आणि पुढच्या गल्लीतून गुळगुळीत होऊन परतताना रस्त्याची पलीकडची बाजू धरायचे. वडील दिवसभर वस्तऱ्याला धार लावत उभे. त्यांना वाटायचं, पातं बोथट झालंय. पातं बदललं, दगड बदलला, साबण बदलला, शेवटी उजेड कमी पडतो म्हणून दिवा बदलला. त्या चांगल्या लोकांचा मला जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नाही. आणि त्यांच्या खुर्चीत बसलेलं शेवटचं गिऱ्हाईक कोण, तर मी. मला नुकतं मिसरूड फुटलेलं. "ये, तुझी पहिली दाढी मीच करणार," म्हणाले. बसलो. वस्तरा थरथरत येतोय हे पुढच्या आरशात दिसत होतं, मागच्या आरशाचं प्रतिबिंब दिसत होतं त्यातही दिसत होतं. हनुवटीखाली कापलं. रक्त बघून त्यांचा चेहरा असा काही झाला, की मी पटकन म्हटलं, "तिथं पुटकुळी होती, बाबा." त्यांनी विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकान उघडलं, पुन्हा धार लावायला लागले, ते आणखी दीड वर्ष. तेव्हा मला वाटत होतं, मी चांगलं केलं.

म्हणून हे इंजिन. सहाला घरी आलो की चहा घेऊन टेबलाशी बसायचं, आठला उठायचं. पहिले काही दिवस नुसते शिव्या घालण्यात गेले. पितळेच्या पातळ पत्र्यातून तुकडे सोडवायचे, कडा घासायच्या, वाकवायचे, चिकटवायचे. बॉयलरच्या दोन्ही अंगांनी एक बारीक कठडा जातो, त्याला आधाराला खुंट्या, तांदळाच्या कणीएवढ्या, प्रत्येकीला आरपार भोक. त्या एका ओळीत नाही बसल्या तर कठडा पिऊन आल्यासारखा दिसतो. पहिल्या संध्याकाळी मी सहा खुंट्या बसवल्या आणि उठताना स्पष्ट दिसलं, तिसरी आणि पाचवी खाली गेल्यात. हात धुतले, चार घास खाल्ले, बायकोशी बोललो नाही. "डोकं दुखतंय का?" "नाही." "मग तोंड का असं?" "तोंड माझं आहे." दुसऱ्या संध्याकाळी भीत भीत वरचं कापड बाजूला केलं, तर सहाही खुंट्या ओळीत. पट्टी लावून बघितली. केसाचा फरक नाही. म्हणजे काल डोळे दमले होते, हाताला उगाच बोल लावला! तेव्हापासून हे असंच व्हायचं. उठताना वाटायचं वाटोळं झालं, आणि चोवीस तासांनी बघावं तर बरं असायचं; बरं कसलं, सुरेख असायचं. मी त्यावर एक सिद्धान्तच बसवला, की गोंद सुकताना ओढून घेतो, धातू आपापली जागा शोधतो. हसा. तीस वर्षं धातू आणि मेण हाताळलेला माणूस मी, वाकडी खुंटी आपली आपण सरळ होत नाही हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. पण तेवढ्यापुरतं मी ते माहीत करून घेतलं नाही. घरात शीळ घालायला लागलो. बायको म्हणाली, "बरे दिसताय हल्ली." म्हटलं, "हात बघ, हात!" आणि इंजिन तिच्या नाकासमोर धरलं. "छान झालंय," ती म्हणाली आणि कपड्यांच्या ढिगाकडे वळली.

इकडे दवाखान्यात त्याच चार महिन्यांत तीन कॅप परत आल्या. कॅप परत येणं म्हणजे काय, ते समजून घ्या. डॉक्टर दात घासून बारीक करतात, मग मापाची पावडर पाण्यात कालवून त्याचा ठसा घेतात. ठशात मी प्लास्टर ओततो, प्लास्टरचा दात कोरून कॅप जिथं टेकते ती कड मोकळी करतो आणि त्यावर कॅप करतो. आता कॅप प्लास्टरवर बसली आणि तोंडात बसली नाही, तर खोट कुणाची? मापाची. हा आमच्या धंद्यातला न्याय. कड कोरताना सुरी केसभर आत गेली तर मात्र प्लास्टरचा दातच चुकतो, आणि चुकलेल्या दातावर चुकलेली कॅप अगदी झकास बसते. तसंही होतं. नवशिक्यांचं होतं. माझं होईल हे माझ्या मनाला शिवलं नाही, कारण घरी टेबलावर कापडाखाली माझा पुरावा उभा होता. तिसऱ्या वेळी डॉक्टर स्वतः मागच्या खोलीत आले. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, मला काका म्हणतात. "काका, काय चाललंय हे? पेशंट आता दाराशी येऊन भांडतील." मी प्लास्टरचा दात पुढं केला, कॅप चढवली, उतरवली, पुन्हा चढवली. "बघा, इथं काही म्हणणं आहे? मग ठसा बघा. पावडर कालवतंय कोण?" पावडर मावशी कालवायच्या. सगळा दवाखाना त्यांना मावशी म्हणायचा, त्या माझ्याहून लहान असून मीसुद्धा. अकरा वर्षं वाडगा आणि पळी घेऊन डॉक्टरांच्या डाव्या बाजूला उभ्या. तेव्हाही दाराशीच होत्या. म्हणाल्या, "मी मोजूनच पाणी घालते हो, काका. अकरा वर्षं तेवढंच घालतेय." आणि मी म्हटलं, "अकरा वर्षांनी हात बदलतो, मावशी." हे मी म्हटलं, माझ्या तोंडानं. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या. मला वाटलं, खाली मान घातलीय. आठवड्याअखेर त्यांना काढलं. जाताना माझ्या खोलीत आल्या. "नाचता येईना अंगण वाकडं, असं मी म्हणणार नाही काका," म्हणाल्या, "पण माझ्या मागं कुणी नाही, हे तुम्हाला माहीत होतं." वाडगा धुऊन पालथा घातला आणि गेल्या. मला रागच आला. त्याच संध्याकाळी मी ड्रायव्हरच्या खोलीतले नळ बसवले, सगळ्यात नाजूक काम, आणि दुसऱ्या दिवशी बघितलं तर एकही नळ तीळभर कलला नव्हता. म्हटलं, या म्हणावं मावशींना, बघून जा.

तर इंजिन अडकलं होतं. टॉवेलवर मी ते उताणं झोपवलं. सहा मोठी चाकं, तीन आसांवर. प्रत्येक चाकाला बाहेरून एक खुंटी, आणि एका बाजूच्या तिन्ही खुंट्यांना जोडणारा दांडा. यात एक गोम असते. डावीकडच्या आणि उजवीकडच्या खुंट्या समोरासमोर नसतात, पाव फेऱ्यानं पुढं-मागं असतात. डावी वर असेल तर उजवी पुढं. कारण दांडा अगदी सरळ रेषेत आला की त्या क्षणी त्याला जोर नसतो, चाक पुढं ढकलावं की मागं हे त्याला कळत नाही. अशा वेळी पलीकडचा दांडा भर जोरात असावा लागतो. दोन्ही बाजूंचा जोर एकदम गेला की इंजिन जागच्या जागी थांबतं. हे पुस्तिकेत ठळक अक्षरांत होतं, आणि त्यासाठी खोक्यात ॲल्युमिनियमची चौकटच दिलेली: तीत आस ठेवायचा, चाकं दाबायची, पाव फेरा आपोआप मिळतो. शुक्रवारी मी तिन्ही आस त्या चौकटीत घालून चाकं दाबली. हात कितीही हलो, चौकट हलत नाही. चाकं पक्की करायचा गोंदाचा थेंब तेवढा टाकला नाही, बाटली शेजारी ठेवून उठलो. शनिवारी संध्याकाळी बघतो तर थेंब टाकलेले, सुकलेले. म्हटलं, कालच टाकले वाटतं, डोकं जाग्यावर नाही आपलं. एकेका बाजूनं दांडे चढवले. आणि आता बघत होतो, तर तिन्ही आसांवर डावी-उजवी खुंटी अगदी समोरासमोर. पाव फेरा गायब. एखादा आस चुकला असता तर मी समजलो असतो. चार अंश इकडं, सहा अंश तिकडं असं असतं, तर मान खाली घालून म्हटलं असतं, आलं नशिबात. थरथरता हात तशीच चूक करतो. ही चूक फार नीट केलेली होती. करणाऱ्याचा हात माझ्यापेक्षा कितीतरी चांगला होता आणि त्याला इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं.

मी भिंग डोळ्याला लावलं. कशाला लावलं कोण जाणे, तिथंच थांबता आलं असतं. कठड्याच्या खुंट्यांच्या मागं, जिथं पुढून कुणाची नजर पोचत नाही, तिथं पिवळसर काहीतरी होतं. नखानं खरवडलं, वास घेतला. मेण. माझं मेण मी झोपेतसुद्धा ओळखीन, हे ते नव्हतं. हे मधमाश्यांचं, दोरा गुळगुळीत व्हावा म्हणून त्यावरून ओढतात ते, आणि त्याची वडी या घरात एकाच पेटीत असते. बायको लाँड्रीवाल्यांचं रफू घरी करते. सिगारेटनं जळलेलं, उंदरांनी कुरतडलेलं, खिळ्याला अडकून फाटलेलं. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागा काढून ती भोक असं भरते, की नंतर मालकालाच ते सापडत नाही. मी नळांखाली बघितलं. मेण. शिडीच्या पायऱ्यांखाली मेण. आधी मेणावर टेकवायचं, ओळ जुळवायची, मग गोंद. मीही तसंच केलं असतं. चारशे बारामधले माझे किती, म्हणून मी मोजायला लागलो. चौदापर्यंत गेलो आणि भिंग काढून ठेवलं. पलीकडे तिची सुई कापडातून जात-येत होती, तिचा आवाज होत नाही, तरी मला तो ऐकू येत होता.

"चाकं तू फिरवलीस?" मी विचारलं. "कुठली चाकं?" "अगं, चाकं! शनिवारी दुपारी." "वाकडी बसली होती. इकडची खुंटी वर, तिकडची पुढं. मला वाटलं..." "काय वाटलं?" "वाटलं, हाताचं झालं." हाताचं झालं! पाणी आलं, दूध संपलं, तसं म्हणाली ती. म्हणजे या घरात हाताचं असं काहीतरी होतं, रोजचं होतं, फक्त मला सांगितलेलं नव्हतं. "आणि कठडा? नळ?" तिनं पुढचा टाका घातला. "बोल ना!" मी टेबलावर हात आपटला, रूळ उडाला. "ओरडू नका," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी तुम्ही नीट जेवला नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी मी नुसतं बघायला म्हणून कापड उचललं. दोन खुंट्या तर होत्या, पाच मिनिटांचं काम. संध्याकाळी तुम्ही आलात, बघितलंत आणि शीळ घातलीत. किती वर्षांनी घातलीत, आठवतं तरी का? मग मला थांबता येईना." "मला सांगता आलं नाही?" "विचारलं असतंत तर सांगितलं असतं." "काय विचारायचं? माझी बायको मला फसवतेय का?" "माझा हात थरथरतो का, असं विचारायचं. सोपं तर आहे." तिनं दोरा तोडला. "वर्ष झालं, मला माहीत आहे. तुम्ही मूठ मिटून झोपता."

आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला बोलणार? उठावं आणि इंजिन भिंतीवर घालावं असं वाटलं, आणि ते उचलायला गेलो तर हात असा हलायला लागला की त्याची चाकं खुळखुळली. खाली ठेवलं. वर्षभर मी याच बाईपासून हात लपवत होतो आणि ती माझ्यापासून तिचं माहीत असणं लपवत होती, आणि दोघं समोरासमोर बसून चहा पीत होतो. तिच्यावर चिडावं, तर ती खुर्ची आठवत होती, तो वस्तरा, आणि पुटकुळी होती बाबा. मी वेगळं काय केलं होतं? पण एक वेगळं होतं. वडिलांनी दीड वर्ष धार लावली, त्यात कुणाचं काही गेलं नाही. माझ्या चार महिन्यांत एक बाई रस्त्यावर आली होती. "मावशींना काढलं," मी म्हटलं. बायकोला हे ठाऊक नव्हतं. असल्या गोष्टी मी घरी सांगत नाही. "कोणी?" "डॉक्टरांनी. माझ्या सांगण्यावरून. माप चुकतंय म्हणून." तिनं सुई कोटात टोचून ठेवली. "कधी?" "झाला दीड महिना." "आणि माप?" "माप बरोबर होतं." चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोराला आपण चोर आहोत हे कळू नये म्हणून घरात रोज दुपारी कोण खपत होतं, असं सगळं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. तिला अर्धं पाप वाटून देण्याची मला फार इच्छा झाली, खोटं कशाला बोलू. पण तिच्या चेहऱ्यावर ते आधीच पोचलेलं दिसलं. "मी नुसत्या खुंट्या सरळ केल्या हो," ती म्हणाली. "मला काय माहीत, तुम्ही त्यावर काय काय उभं कराल." हे खरं होतं. इंजिन तिनं सरळ केलं, मावशींकडे बोट मी दाखवलं.

डॉक्टरांना फोन लावला. "काका? रविवारी?" मी म्हटलं, "त्या तीन कॅप. माप बरोबर होतं. कड मी चुकीची कोरली. माझा हात थरथरतो." मागं कुठंतरी नळ चालू होता, तो बंद झाला. "मला थोडी शंका होती," डॉक्टर म्हणाले. "शंका होती? मग मावशींना का काढलंत?" "तुम्ही म्हणालात म्हणून. तीस वर्षांत तुमचं कधी चुकलं नव्हतं. आणि तुम्हाला असं तोंडावर विचारणार कसं, काका?" लोक चांगले असतात, सगळीकडे. "त्यांना परत घ्या," मी म्हटलं. "त्यांच्या जागी मुलगी लागलीय, तिला काय सांगू? आणि मावशी एका दुसऱ्या दवाखान्यात विचारायला गेल्या होत्या, तिथून मला फोन आला होता. मी आपलं... माप चुकतं, म्हणून सांगितलं." "मग आता खरं सांगा." "आता फोन करून काय सांगू, मागं मी चुकीचं बोललो? तुम्ही लेखी द्या काहीतरी, मी ते पुढं पाठवतो. पण विचार करा काका. असं लेखी दिलंत, की पुन्हा कुणी तुमच्या हातचं काम घेणार नाही. नुसतं थांबतो म्हणालात, तर मी सगळ्यांना सांगेन, वयामुळे थांबले." चांगली सोय होती. हार घालून निरोप दिला असता, दोन शब्द बोलले असते. मला मोह झाला, नाही असं नाही. सोमवारपासून माझं काय, हे माझ्यापुढं आ वासून उभं होतं. दुसरं मला काही येत नाही. तीस वर्षांत दुसरं काही शिकलोच नाही. "उद्या आणून देतो," मी म्हटलं. आणि फोन ठेवण्याआधी मला त्यांना मावशींचं नाव विचारावं लागलं.

टेबलावरचं सगळं मी बाजूला सारलं आणि कोरा कागद घेतला. "द्या इकडं," बायको म्हणाली. "तुम्ही सांगा, मी लिहिते. खाली सही तेवढी करा." तिचं अक्षर छापल्यासारखं आहे. "नको. माझंच पाहिजे." ती शेजारी येऊन उभी राहिली, दोन्ही हात पाठीमागं बांधून. मी लिहायला लागलो. 'मी' लिहिला तो जमला. 'माझ्या हाताच्या' इथं काना रेघ सोडून खाली घसरला आणि पुढच्या शब्दात घुसला. थांबलो, मूठ मिटली, उघडली. आज पहिल्यांदाच मी ते तिच्यासमोर करत होतो. मग पुढं लिहिलं: दोषामुळे कॅप चुकल्या, मापाचा त्याच्याशी संबंध नव्हता, या बाईंनी अकरा वर्षं चोख काम केलं आहे. चार ओळी, त्यांना पाऊण तास लागला. मावशींच्या नावाशी तर कागद दोनदा फाटता फाटता राहिला. लिहून झालं तेव्हा मान आखडली होती आणि शर्ट पाठीला चिकटला होता. भीती वाटत होती, लाज वाटत होती, दोन्ही. "वाचून बघ," मी म्हटलं. तिनं कागद खिडकीशी नेला. उजेडात तिरका करून धरला. "दुसरी ओळ लागत नाही नीट," ती म्हणाली. "नावसुद्धा अर्धंच वाचता येतं." "फाडून पुन्हा लिहू?" "नको," ती म्हणाली. "बघितल्यावर कळतंय सगळं." मी कागद तिच्याकडून परत घेतला आणि खाली सही केली.